टिंब वर की खाली : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, गाणं कागदावर लिहायच्या पद्धती बसवणाऱ्या पलुस्कर-भातखंड्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. पलुस्करांनी लाहोरला काढलेल्या गांधर्व महाविद्यालयाचं साल मी १९०२ लिहिलं होतं, ते १९०१ हवं. चूक माझीच, दुरुस्त केली. पण एका सालावरून 'आधी अभ्यास करा, मग लिहा' हा मास्तरी सूर? एवढा अभ्यास आहे तर टोपणनावामागं कशाला दडता?

'नोटेशननं गाणं मारलं, परीक्षांनी पोपट तयार केले.' हे तुमचं वाक्य झोंबलं. नोटेशन म्हणजे स्वर लिहून ठेवायची लिपी. कोणाचं गाणं मारलं जी? ज्याच्या घरी गुरू होता त्याचं? पलुस्करांना मिरजेत बाळकृष्णबुवांसारखे गुरू भेटले. आमच्या दर्यापूर तालुक्यात घराणं म्हणजे सोयरीक जुळवताना विचारतात ते. भातखंडे वकील माणूस. उस्तादांनी जपून ठेवलेल्या चिजा, म्हणजे बंदिशी, जमवून त्यांनी क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या, म्हणून त्या आमच्या बांधापर्यंत आल्या.

माझंच सांगतो. कापूस विकून बाबांनी जुनी पेटी आणली. शिकवणारं कोणी नाही. हाताशी भातखंड्यांचं एक फाटकं पुस्तक अन् कोणाची तरी उतरवून घेतलेली वही. वही निघाली पलुस्कर पद्धतीची. भातखंड्यांकडे स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. पलुस्करांकडे तेच टिंब मंद्राचं, खालच्या सप्तकाचं! मला काय माहीत? यमन रागाचा 'नि रे ग' मी महिनाभर वरच्या नि वरून खाली आदळत होतो. आई म्हणे, "काहून बोंबलतं रे एवढं?" शेवटी काकड्याला पेटी धरणाऱ्या बुवांनी ऐकलं, हसले, अन् माझं बोट उचलून खालच्या नि वर ठेवलं. "इथून निघ."

आता म्हणाल, बघा, बुवाच लागला! म्हणा. बुवांनी एक पट्टी दाखवली. बाकी अख्खा यमन त्या वहीनं दिला. पुढं एसटीनं अमरावतीला जाऊन प्रारंभिक ही गाण्याची पहिली परीक्षा दिली. रागांचे वादी-संवादी, म्हणजे मुख्य स्वर, घोकले, हो, घोकलेच. तुम्ही पाढे न घोकता शिकलात काय?

वर तुमचे प्रश्न : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी का नाही, भजनी मंडळं का नाहीत, नागपूरच्या गुरुजींबद्दल दोनच ओळी का, वगैरे. एका लेखात काय काय कोंबू? महाराजांची मोझरी आमच्याच जिल्ह्यात आहे, ती तुम्ही दाखवायची गरज नाही. अन् लेख 'कंटाळवाणा' वाटला तर शेवटपर्यंत वाचला कशाला?

ती वही अजून आहे. पहिल्याच पानावर त्या नि च्या टिंबाभोवती लाल पेन्सिलीनं गोल केलेला आहे. पाहायची असेल तर फोटो टाकतो. पण आधी तो 'पोपट' मागं घ्या.