डोकी मोजायची, पण कुणाची?

बेळगाव, खानापूर, निपाणी या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरून फिरून येतो. त्याचं सार एवढंच: लोकशाही म्हणजे बहुमत, अथेन्समध्ये ती जन्मली तेव्हाही बहुमताला लगाम नव्हता, रूसोनं त्यालाच तत्त्वज्ञानाची बैठक दिली, अल्पसंख्याकांचे हक्क ही बहुमतानं केलेली मेहेरबानी, तेव्हा मतदान झालं की विषय संपला. गंमत अशी, की दोन्हीकडचे लोक हा मजकूर सारख्याच उत्साहानं पुढे ढकलतात. कन्नड संघटनावाला त्यात राज्याचं बहुमत वाचतो, हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा कार्यकर्ता आपल्या गावाचं. एकच साक्षीदार दोन्ही वकिलांना हवासा वाटत असेल, तर त्याची उलटतपासणी घ्यावीच लागते.

अथेन्सपासून सुरुवात करू. तिथं बहुमत मोकाट सुटल्याचा प्रसंग घडला होता, हे खरं. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्जिनुसी बेटांजवळ अथेन्सच्या आरमारानं स्पार्टाला हरवलं, पण वादळामुळे फुटक्या जहाजांवरचे आपलेच खलाशी वाचवता आले नाहीत. शहर संतापलं. आठही सेनापतींचा निकाल एकाच मतदानात लावायचा ठराव आला. प्रत्येक गणासाठी, म्हणजे नागरिकांच्या गटासाठी, दोन रांजण ठेवायचे, दोषी म्हणणाऱ्यांनी एकात मत टाकायचं, निर्दोष म्हणणाऱ्यांनी दुसऱ्यात. हे बेकायदा आहे, प्रत्येकाचा खटला वेगळा चालायला हवा, अशी हरकत कुणीतरी घेतली. तेव्हा जमाव ओरडला, की लोकांना हवं ते करू देत नाहीत म्हणजे काय! सॉक्रेटिस त्या दिवशी सभेचं काम चालवणाऱ्यांत होता. ठराव मताला टाकायला तो तयार झाला नाही. पण त्याचं कोण ऐकतो? हाती लागलेल्या सहा जणांना ठार केलं गेलं. थोड्याच काळात शहराला पस्तावा झाला आणि ज्यांनी लोकांना भरीला घातलं, त्यांच्यावरच कारवाई सुरू झाली.

फिरता मजकूर इथपर्यंतही येत नाही, पुढचं तर सोडाच. इ.स.पू. ४०३ मध्ये, मधे उलथवली गेलेली लोकशाही परत बसली तेव्हा अथेन्सकरांनी सभेचा ठराव आणि कायदा यांत फरक केला, आणि ठराव कायद्याच्या वर जाणार नाही असं ठरवलं. बेकायदा ठराव मांडणाऱ्याला कोर्टात खेचायची सोय तर आधीपासूनच होती, सभेनं तो ठराव मंजूर केलेला असला तरीसुद्धा. म्हणजे लगाम होता, आणि चटका बसल्यावर तो आणखी आवळला गेला. शिवाय तिथली बरीचशी पदं चिठ्ठ्या टाकून भरत. चिठ्ठी हे लोकशाहीचं लक्षण आणि निवडणूक हे मूठभरांच्या राज्याचं, असं ॲरिस्टॉटल नोंदवतो. आपल्याकडं जिल्हा पंचायतीची तिकिटं कुणाच्या घरात जातात ते पाहिलं, की त्याला अगदीच वेड्यात काढवत नाही. बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक यांना मात्र मत नव्हतंच. मोजायची ती डोकी कुणाची, हे मोजणीच्या आधीच ठरून गेलेलं होतं.

रूसोचं नाव या मजकुरात कुणी घातलं कोण जाणे. त्याचा ‘सामाजिक करार’ १७६२ चा. त्यात तो सगळ्यांच्या इच्छांची बेरीज आणि समाजाची सामायिक इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी मानतो. बेरजेत प्रत्येकाचा खासगी स्वार्थ असतो, सामायिक इच्छेत सगळ्यांचं हित. ही सामायिक इच्छा ओळखायची कशी, याचं समाधानकारक उत्तर त्याच्याकडं नाही, आणि त्या फटीतून पुढे बरेच हुकूमशहा आत शिरले. पण त्याच पुस्तकात एक बिनतोड मुद्दा आहे: बहुमताचा नियम हाच मुळी एका कराराचा भाग आहे, आणि तो करार एकदा तरी सर्वसंमतीनं झालेला असायला हवा. ‘आपण सगळे मिळून एक आहोत’ हे आधी ठरलं, तरच निम्म्याहून जास्तांचं म्हणणं उरलेल्यांना बांधील.

हाच मुद्दा ब्रिटिश घटनातज्ज्ञ आयव्हर जेनिंग्ज यांनी १९५६ मध्ये रोखठोक मांडला. लोकांना ठरवू द्या हे ऐकायला रास्त वाटतं, पण लोक म्हणजे कोण हे कुणीतरी ठरवल्याशिवाय लोकांना काही ठरवताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) घटनेत सल्लागार म्हणून त्यांचा मोठा वाटा होता, आणि त्याच १९५६ साली तिथल्या सिंहली बहुमतानं ‘फक्त सिंहली’चा कायदा करून तमिळांना बाजूला सारलं.

आपल्याकडंही साल तेच. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं. राज्य हा घटक धरला तर मराठी माणूस अल्पमतात. जिल्हा धरला तरी अल्पमतात. तालुक्याच्या पश्चिमेची गावं एकेक करून धरली तर गावामागून गाव बहुमतात. माणसं तीच, घरं तीच, फक्त रेघ बदलली की निकाल बदलतो. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार ही रेघ संसद ओढते. राज्याच्या विधिमंडळाचं मत राष्ट्रपती मागवतात, गावाला विचारायचं बंधन मात्र कुणावरच नाही. म्हणून तर समितीची मागणी चार सूत्रांत बांधलेली आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं बेळगाव शहर म्हैसूरकडं ठेवलं, निपाणी-खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि महाराष्ट्रातली २४७ गावं म्हैसूरला द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्रानं तो नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दोन बहुमतांतला तंटा तिसऱ्या बहुमतानं सुटत नाही, म्हणून तो तिथं गेला.

इथं आपल्या लोकांनाही एक टोचणी द्यायला हवी. खेडे हा घटक मलाही न्याय्य वाटतो, पण तीही एक निवडलेली रेघच आहे. गावातली एखादी गल्ली पूर्ण कन्नड असेल तर तिथं घटक कोणता? ‘आमचं गाव, आमचं बहुमत’ एवढ्यावर थांबणारा माणूस, ज्याच्याशी भांडतो त्याचंच तत्त्वज्ञान वापरतो.

मेहेरबानीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. बहुसंख्येच्या जुलमाची धास्ती १७८७ मध्ये अमेरिकेत घटनाकार मॅडिसनला होती, १८५९ मध्ये इंग्लंडात तत्त्वज्ञ मिलला होती. मिल तर १८६१ मध्ये याच्याही पुढे गेला: वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांच्या देशात प्रातिनिधिक राज्य जवळपास अशक्य, असं त्यानं लिहिलं. तो इथं साफ चुकला, हे आपण सगळे कसेबसे सिद्ध करतोय. कसं, याची किल्ली आंबेडकरांकडं आहे. राजकीय बहुमत बनतं आणि मोडतं, आजचा अल्पमतवाला उद्या बहुमतात जाऊ शकतो. जमातीचं बहुमत जन्मानं येतं, ते बदलत नाही. जे बदलतच नाही, त्याच्या हाती सगळी सत्ता देणं ही लोकशाही नव्हे. भाषेचं बहुमत यातल्या दुसऱ्या प्रकारचं. पुढच्या निवडणुकीत मी कन्नडभाषक होणार नाही आणि शेजारचे अण्णा मराठीभाषक होणार नाहीत.

आता तारखा बघा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगणारं कलम ३५०-अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमणारं ३५०-ब ही दोन्ही सातव्या घटनादुरुस्तीनं आली, १९५६ मध्ये. राज्यांची नवी रचना ज्या दुरुस्तीनं घटनेत बसवली, तीच ही दुरुस्ती. रेघेच्या चुकीच्या बाजूला माणसं राहणार, हे ठाऊक असताना केलेल्या व्यवहाराची ही अट आहे. जमीन घेतली आणि खरेदीखतातली अट मात्र मेहेरबानी, असं कसं चालेल? उचगाव-येळ्ळूरकडचा म्हातारा शेतकरी उतारा हातात धरून उभा असतो. जमीन बापजाद्यांची, पण कन्नड अक्षर येत नाही, म्हणून ‘जरा बघ रे, बोजा चढवलाय काय’ असं दुसऱ्याच्या पोराला विचारावं लागतं. त्याला मराठीत प्रत मिळाली तर कन्नडचं काय कमी होणार आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

राहिला ‘मतदान झालं, विषय संपला’. या विधानाला मात्र खरा पूर्वज आहे: अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटर, १९४२. लोकशाही म्हणजे मतांसाठी पुढाऱ्यांची स्पर्धा, बाकी लोकेच्छा वगैरे सगळं काव्य, असं त्याचं मत. माणूस प्रामाणिक होता. पण त्याच्या हिशेबानंही निवडणूक सांगते की राज्य कोण करणार. सीमेचा निकाल ती देत नाही. २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपनं जिंकल्या, तेव्हा सीमाप्रश्न निकालात निघाला म्हणून पेढे वाटणारे होते. बरं, मग २००५ मध्ये याच महापालिकेनं बहुमतानं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा विषय का नाही संपला? राज्य सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. ज्या मोजणीचा निकाल आवडला तेवढीच लोकशाही!

विषय मतदानानं सोडवायचाच असेल, तर तो कसा, हे स्वित्झर्लंडमध्ये बघावं. बर्न प्रांतातल्या फ्रेंचभाषक जुरा भागात १९७४ मध्ये आधी सगळ्या भागाचं मतदान झालं, १९७५ मध्ये विरोधातल्या जिल्ह्यांचं, मग हद्दीवरच्या गावांचं. रेघ कुठं ओढायची हे थराथरानं विचारत गेले. १९७९ मध्ये जुरा वेगळा प्रांत झाला, आणि तरीही मूतिए या गावाचा प्रश्न उरला. २०२१ च्या मतदानानंतर ते १ जानेवारी २०२६ ला जुरात गेलं. पन्नास वर्षांत तिथं कुणी ‘संपलं’ म्हणून फाईल बांधली नाही.

हे उदाहरण समितीच्या व्यासपीठावर टाळ्या घेईल, याची मला कल्पना आहे. पण तोच न्याय मग सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या कन्नड गावांनाही लावावा लागेल, आणि ३५०-अ तर आजच्या आज लागू आहे. तिथल्या कन्नड शाळेत शिक्षक नसेल, तर मुंबईला पत्र लिहायला बेळगावचा मराठी माणूस पहिला पुढं आला पाहिजे.