मोकळी पिन म्हणजे शून्य नव्हे

'लॉजिक गेट पाच मिनिटांत, परीक्षेला येणारच' अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. (लॉजिक गेट म्हणजे ० आणि १ चे इनपुट घेऊन ठरलेल्या नियमाने ० किंवा १ देणारं छोटं सर्किट.) मला तीनदा आला, मी तीनदा पुसला. पण तो सोसायटीच्या ग्रुपवरून ताईकडे आणि तिथून डिप्लोमाला असलेल्या भाचीकडे गेला, आणि माझी शनिवारची संध्याकाळ त्यात गेली. आता बोलतोच.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा: 'ज्या इनपुटला काही जोडलेलं नाही, तिथे वीज नाही, म्हणून ते ० धरावं.' भाचीने धरलं. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीवर) ७४एचसी०० ही नँड गेटांची आयसी बसवली, नँडच्या एका इनपुटची पिन ५ व्होल्टला, दुसरी बटणातून ५ व्होल्टला, आउटपुटला एलईडी. बटण सोडलं की पिन हवेत. नँड फक्त दोन्ही इनपुट १ असतील तेव्हाच ० देतो, एरवी १; म्हणून मोकळी पिन ० धरली तर हिशेबाने एलईडी पेटून राहायला हवा. तो मिणमिणायचा, आणि हात जवळ नेला की भलतंच काहीतरी करायचा. आयसी खराब समजून पोरीने पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन फेऱ्या मारल्या, तीन आयसी झाल्या. मग फोन: "मामा, तू ये ना जरा."

आयसी तिन्ही ठणठणीत होत्या. ७४एचसी०० सीमॉस जातीची आहे; सीमॉसच्या इनपुटला आत पातळ ऑक्साइडचा थर असतो, त्यातून करंट जवळजवळ जातच नाही. त्यामुळे मोकळ्या पिनवर जो काही चार्ज येईल तो तिथेच रेंगाळतो. घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुणसुद्धा ती पकडते. व्होल्टेज मधेच लटकलं तर आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतात आणि फुकटचा करंट खातात. आयसी बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डेटाशीट (माहितीपत्रक) उघडा: न वापरलेली इनपुटंसुद्धा सप्लायला किंवा ग्राउंडला बांधा, असं स्वच्छ लिहिलंय. आम्ही त्या पिनपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला, म्हणजे बटण सोडलं की पिन खरोखर ० वर येते. एलईडी गप्प पेटून राहिला.

गंमत म्हणजे याच नँडच्या जुन्या, टीटीएल जातीच्या ७४०० आयसीमध्ये मोकळं इनपुट साधारण १ सारखं वागतं. म्हणजे फॉरवर्डवाल्याचं ० तिथेही उलटंच.

पहिला मुद्दा, '० म्हणजे शून्य व्होल्ट, १ म्हणजे पाच व्होल्ट.' बरं, पहिल्या तासाला चालेल. प्रत्यक्षात पट्टे असतात: टीटीएलच्या इनपुटला ०.८ व्होल्टपर्यंत ०, २ व्होल्टच्या वर १. मल्टीमीटरवर ३.४ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

दुसरा, 'अँड सोपा, नँड म्हणजे त्याला वर नॉट चिकटवलेला.' (अँड दोन्ही इनपुट १ असतील तरच १ देतो; नॉट ० चं १ आणि १ चं ० करतो.) नावावरून तसं वाटतं खरं. पण सीमॉसमध्ये दोन इनपुटांचा नँड ४ ट्रान्झिस्टरमध्ये होतो, आणि अँडला ६ लागतात, कारण नँडलाच पुढे नॉट लावावा लागतो. नँडपासून बाकी सगळे गेट बनवता येतात, हे मात्र त्याने बरोबर लिहिलंय. चुकून असेल.

'बूलने १८५४ मध्ये कॉम्प्युटरसाठी गेट शोधले' यावर काय बोलणार! जॉर्ज बूल या गणितज्ञाने विचाराच्या नियमांचं गणित मांडलं. ते स्विच आणि रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) सर्किटला लागू होतं हे अमेरिकी इंजिनिअर क्लॉड शॅननने १९३७ च्या एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं. मधे ८३ वर्षं गेली.

शेवटचा, 'जिन्याचा दोन बटणांचा दिवा म्हणजे ऑर गेट.' अहो, ऑर म्हणजे एक जरी इनपुट १ असलं तरी १; तसा असता तर खालचं बटण कोणी चालू ठेवलं की वरून कितीही खटखट करा, दिवा विझला नसता. कुठलंही एक बटण फिरवलं की दिवा बदलतो, म्हणजे तो एक्सऑर (दोन इनपुटं वेगळी असली तरच १), किंवा वायरिंग उलटी असेल तर एक्सनॉर (सारखी असली तरच १). ताईच्या घरी असाच जिना आहे. रोज रात्री ती खालून दिवा लावते, वर जाऊन विझवते आणि मग अंथरुणात पडून असले फॉरवर्ड पाठवते.