क्रिएटिनिन नॉर्मल आलं, ठीक. लघवीचं काय?

किडनीबद्दल विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. दिवसाला किती लिटर पाणी प्यायचं? कंबर दुखतेय, किडनी असेल का? क्रिएटिनिन किती असायला हवं? लघवीला फेस येतो, घाबरायचं का? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांवर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि किडनी वाचवण्याच्या दृष्टीने तेच दोन सगळ्यात कमी कामाचे. माझं म्हणणं सरळ आहे: रक्तातल्या एका आकड्यावर विसंबू नका. लघवी तपासा, नमुना नीट द्या आणि रिपोर्टमध्ये नेमकं काय वाचायचं ते माहीत करून घ्या.

आधी क्रिएटिनिन. हा स्नायूंमध्ये रोज साधारण ठरावीक प्रमाणात तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडन्या तो बाहेर टाकतात. काही नेफ्रॉन (किडनीतल्या सूक्ष्म गाळण्या) बाद झाले की उरलेले जास्त काम ओढतात, त्यामुळे गाळण्याची क्षमता जवळपास निम्मी होईपर्यंत हा आकडा छापील मर्यादेत राहू शकतो. शिवाय स्नायू कमी तर क्रिएटिनिनही कमी. २५ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा ई-जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ८६ येतो. तेच १.२ सत्तरीच्या बाईंचं असेल तर ई-जीएफआर ४९ च्या आसपास. आकडा तोच, पण त्यांच्या किडनीचं काम बऱ्यापैकी घटलेलं आहे, आणि रिपोर्टवर कदाचित लाल खूणही नसेल. म्हणून लॅबने ई-जीएफआर छापला नसेल तर मागून घ्या. वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढ्यावर तो काढता येतो.

उलटंही होतं. व्यायामशाळेत कमावलेलं शरीर, क्रिएटिनची पावडर, आदल्या रात्री भरपूर शिजवलेलं मांस, किंवा ट्रायमेथोप्रिमसारखं अँटिबायोटिक, यांनी किडनी ठणठणीत असतानाही क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही तपासणी शंका मिटवते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. आणि एकाच रिपोर्टवर 'किडनीचा जुनाट आजार' हा शिक्का मारता येत नाही. ई-जीएफआर ६० च्या खाली, किंवा लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) जाण्यासारखी इजेची खूण, किमान ३ महिने टिकली तरच तो शब्द वापरायचा.

आता खरी दुर्लक्षित तपासणी: लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर. मधुमेहात गाळणीला इजा होऊ लागली की ई-जीएफआर घसरण्याच्या बराच आधी अल्ब्युमिन झिरपायला लागतं. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त. "लघवी तपासली होती, प्रोटीन निल आलं" असं म्हणून लोक निश्चिंत होतात, पण ती साधी पट्टीची तपासणी ३० ते ३०० चा टप्पा बऱ्याचदा पकडतच नाही. आणि उपचारांचा सगळ्यात जास्त फायदा होण्याची वेळ नेमकी तीच असते. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी एसीआर आणि ई-जीएफआर दोन्ही. टाइप १ असेल तर निदानानंतर ५ वर्षांनी सुरुवात. उच्च रक्तदाब असलेल्यांनीही दोन्ही करून घ्यावेत.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा उत्तम. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम यांनी आकडा खोटा वाढतो, तेव्हा ते दिवस टाळा. वाढलेला आला तर घाबरून लगेच निष्कर्ष नको. ३ ते ६ महिन्यांत केलेल्या ३ नमुन्यांपैकी २ वाढलेले आले तर तो खरा धरतात.

फेसाच्या प्रश्नाचं उत्तरही हेच. जोरात धार पडली की बुडबुडे येतात आणि विरतात, त्यात काही नाही. रोज रोज फेस येतो आणि बराच वेळ तसाच राहतो, तर एसीआर करा. फेसाकडे बघत तर्क लढवण्यात अर्थ नाही.

कंबरदुखी थोडक्यात आटोपतो. किडनीचा जुनाट आजार दुखत नाही, म्हणूनच तो उशिरा कळतो. वाकल्यावर, उठताना किंवा कूस बदलताना दुखतं ते बहुधा स्नायूंचं किंवा मणक्याचं. किडनीचं दुखणं म्हणजे बरगड्यांखाली मागे थंडीतापासह दुखणं, किंवा कुशीपासून जांघेकडे उतरणारी, लाटेसारखी येणारी, कुठल्याच स्थितीत बसू न देणारी कळ. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे किडनी चांगली, असंही नाही. सोनोग्राफी आकार, खडे आणि अडथळा दाखवते, गाळण्याचं काम दाखवत नाही. मधुमेहात तर किडनी बिघडूनही आकाराने बरेच दिवस नॉर्मल राहते. (किडनीतल्या साध्या सिस्टबद्दल, म्हणजे पाण्याने भरलेल्या फुग्यांबद्दल, मात्र झोप उडवू नका. वाढत्या वयात त्या सर्रास दिसतात आणि बहुतेकांना काहीच करावं लागत नाही.)

पाण्याचं आता बोलूच. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत शोषून घेतात. त्यात तुम्ही वरून ओतलेले २ लिटर 'किडनी धुऊन काढतील' ही कल्पनाच चुकीची. किडनीचा जुनाट आजार असलेल्यांना जास्त पाणी प्यायला लावून आजाराचा वेग मंदावतो का, हे एका चाचणीत पाहिलं गेलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: वर्षभरानंतर काही फरक नाही. निरोगी माणसाने तहानेप्रमाणे प्यावं, लघवी फिकट पिवळी राहते आहे ना एवढं पाहावं. उलट ज्यांना सूज आहे, हृदय कमजोर आहे किंवा लघवीच कमी होते, त्यांनी '४ लिटर प्या' हा फॉरवर्ड पाळला तर धाप लागून रुग्णालयात जायची वेळ येऊ शकते, किंवा रक्तातलं सोडियम घसरतं. पाण्याचा खरा उपयोग दोन ठिकाणी पक्का आहे: खडा पुन्हा होऊ नये म्हणून, आणि वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या, मुळात कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांमध्ये. रोज दीड लिटर जादा पाण्याने त्यांचे संसर्ग वर्षाला ३.२ वरून १.७ वर आल्याचं २०१८ च्याच दुसऱ्या एका चाचणीत दिसलं.

संसर्गाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नमुना देताना. हात धुवा. स्त्रियांनी पुढून मागे असं पुसून घ्यावं आणि लघवी करताना त्वचेच्या घड्या बोटांनी बाजूला धराव्यात. पुरुषांनी कातडी मागे घ्यावी. पहिली धार सोडून द्या, मधली २०-३० मिलिलिटर बाटलीत घ्या, उरलेली पुन्हा बाहेर. बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. नमुना २ तासांच्या आत लॅबमध्ये पोचायला हवा. नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा, तोही २४ तासांच्या आतच. खोलीत तसाच राहिलेल्या नमुन्यात जंतू वाढत राहतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टमध्ये उगवतो. कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायचं असेल तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी. हे उलटं केलं की कल्चर 'नो ग्रोथ' येतं आणि पुढचा उपचार अंदाजाने चालतो. रिपोर्टमध्ये एपिथेलियल (त्वचेच्या थरातल्या) पेशी भरपूर असतील किंवा 'मिक्स्ड ग्रोथ', म्हणजे अनेक जंतूंची सरमिसळ, लिहिलं असेल, तर नमुन्यात त्वचेवरचं मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी औषध बदलण्याआधी नमुना पुन्हा द्या.

इथे माझं मत जरा कडक आहे. त्रास काही नाही, सहज केलेल्या तपासणीत पस सेल्स (पू-पेशी) ८-१० आल्या किंवा कल्चरमध्ये जंतू वाढले, म्हणून अँटिबायोटिक घेऊ नये. अपवाद मुख्यतः दोन: गर्भारपण आणि मूत्रमार्गाच्या आतल्या त्वचेला धक्का लागेल अशी शस्त्रक्रिया. वयस्कर माणसांच्या लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते, एवढ्यावर दिलेल्या औषधाने जंतू तेवढे चिवट होतात. खरा संसर्ग जळजळ, वारंवार घाईने लागणं, ओटीपोटात दुखणं यांतून बोलतो. नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्राशयाच्या संसर्गासाठी जुनं पण उत्तम औषध, साधारण ५ दिवस. मात्र ते किडनीच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. त्यामुळे ताप आणि पाठीत दुखणं असेल तर ते चालत नाही, ई-जीएफआर ३० च्या खाली असेल तरीही नाही. लघवीतलं आम्ल कमी करून जळजळ शमवणारी अल्कलायझर सिरप जंतू मारत नाहीत. ६ महिन्यांत २ किंवा वर्षात ३ वेळा संसर्ग झाला तर त्याला वारंवारचा म्हणतात, आणि मग कारण शोधायला हवं. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये योनिमार्गात लावायची इस्ट्रोजेन क्रीम संसर्ग कमी करते. हा उपाय संकोचापोटी सुचवलाच जात नाही. विचारा.

गोळ्यांकडे वळू. गाळणीत रक्त आणणारी एक बारीक रक्तवाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. आतली रुंद आणि बाहेरची थोडी आवळलेली, यावर गाळण्याचा दाब टिकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या वेदनाशामक गोळ्या आतली आवळतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या बाहेरची सैल करतात. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल, तर दाब कोसळतो आणि किडनी एक-दोन दिवसांत बसू शकते. म्हणून वेदनाशामक, अशी रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी या तिघांचं एकत्र येणं टाळायचं. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

पण यावरून कोणी 'बीपीच्या गोळ्या किडनी खराब करतात' असा निष्कर्ष काढेल, तर तो चुकीचा. अल्ब्युमिन जात असेल तर याच सार्टन आणि प्रिल गटातल्या गोळ्या गाळणीवरचा जादा ताण उतरवून किडनी वाचवतात. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा स्वीकारतात. २ ते ४ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहायचं. ते न पाहता घाबरून गोळी बंद करणं हे मोठं नुकसान. याच कारणाने 'लो सोडियम' मिठापासून जपा: त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि किडनी कमजोर असलेल्यांत, या गोळ्यांबरोबर, पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं चालू असतील तर लघवीत साखर येणारच. ते औषधाचं कामच आहे, त्यावरून मधुमेह बिघडला असं समजू नका. त्या भागात खाज आली तर बुरशीचा संसर्ग बघून घ्या, आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधी हे औषध निदान ३ दिवस थांबवावं लागतं हे लक्षात ठेवा. 'किडनी साफ करणाऱ्या' चूर्णांबद्दल एवढंच: ॲरिस्टोलोचिक ॲसिड असलेल्या वनस्पतींनी किडन्या कायमच्या निकामी झाल्याचं आणि मूत्रमार्गाचे कर्करोग झाल्याचं सिद्ध आहे. डब्यावर घटक लिहिलेले नसतील तर तो डबा घरात नको.

लघवीत रक्त दिसलं तर नियम एकच. न दुखता, एकदाच दिसलं आणि आपोआप थांबलं, तरी तपासणी करायचीच, विशेषतः वय चाळिशीच्या पुढे असेल किंवा धूम्रपान असेल तर. मूत्राशयाच्या कर्करोगातलं रक्त असंच येऊन जातं. 'रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यामुळे असेल' हेही कारण पुरत नाही. बीट खाल्ल्याने लाल, क्षयरोगाच्या रिफाम्पिसिन या औषधाने नारिंगी लघवी होते, तेव्हा आधी सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी आहेत का ते पाहावं. पट्टीवर रक्त आलं पण पेशी दिसत नाहीत आणि आदल्या दिवशी अंग मोडेस्तोवर व्यायाम झालाय, तर ती स्नायू तुटल्याची खूण असू शकते. कोकसारखा रंग आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खड्यांचं शेवटी. सगळ्यात जास्त खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट हा अन्नातून येणारा एक क्षार), आणि तरीही जेवणातलं कॅल्शियम तोडणं चूक. ते आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. कॅल्शियम तोडलं की मोकळं ऑक्झलेट लघवीत उतरतं. तोडायचं ते मीठ, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या. पाणी ग्लास मोजून पिऊ नका, लघवी दिवसाला अडीच लिटर होईल इतकं प्या. एकदा एक पूर्ण दिवस लघवी मोजून पाहिली की आपला अंदाज किती चुकला ते कळतं. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक आपोआप पडतात, ५ ते १० मधले साधारण निम्मे. पडलेला खडा टाकू नका, तपासायला द्या. युरिक ॲसिडचा निघाला तर पुढचे औषधाने विरघळवता येतात, शस्त्रक्रिया टळते. आणि खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका. अडथळ्यामागे साचलेल्या लघवीत अँटिबायोटिक धड पोचत नाही. आधी स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी टाकून ती लघवी बाहेर काढावी लागते, खडा फोडायचं काम त्यानंतरचं.