वर्गणीच्या गेमला कुलूप नसलं म्हणून विक्री बुडत नाही

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावांत पोट्ट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'क्राउडफंडिंगचा डीआरएम-फ्री गेम विकलाच जात नाही. घेणारे आधीच वर्गणी देऊन बसतात, उरलेले पेन ड्राइव्हवरून फुकट घेतात. आणि फसलेला वर्गणीदार पुन्हा येत नाही.' क्राउडफंडिंग म्हणजे गेम बनण्याआधीच लोकांकडून वर्गणी गोळा करणं, आणि डीआरएम म्हणजे पैसे न देणाऱ्याला अडवायला गेमला घातलेलं कुलूप; ते नसलं की गेम डीआरएम-फ्री. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, हा धंदा रोज डोळ्यांसमोर असतो. मेसेज चुकीचा आहे.

'घेणारे आधीच संपतात.' झाडीपट्टीचं नाटक ठरतं तेव्हा गावचं मंडळ वडसाच्या नाटक कंपनीला आधी पैसे देतं. म्हणून रात्री तिकिटं खपत नाहीत का? उलट मंडळाची पोरं सोयऱ्याधायऱ्यांना सांगत सुटतात आणि आजूबाजूची गावं लोटतात. गेमचंही तसंच. 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन' या गेमला २०१३ मध्ये किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवर पैसे देणारे वीस हजारही नव्हते. जून २०१४ ला गेम आला, सप्टेंबरपर्यंत पाच लाख प्रती विकल्या गेल्या. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'चे वर्गणीदार सुमारे ७४ हजार, आणि २०१५ मध्येच विक्री पाच लाखांवर. वर्गणीदार त्यातच धरले तरी बाकीचे चार लाख कुठून आले?

'कुलूप नाही म्हणून कॉपी होते.' होते, नाकारत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपवर जे क्रॅक केलेले, म्हणजे कुलूप तोडलेले, गेम दिसतात, ते जवळपास सगळे कुलूपवालेच असतात. वरचे दोन्ही गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात कुलुपाविना मिळत होते, तरी लोकांनी ते स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातही पैसे मोजून घेतले.

कुलूप अडवतं ते पैसे देणाऱ्यालाच. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा दुकानात आला. धानाच्या रोवणीच्या मजुरीतून त्यानं गेम घेतला होता. चालू केला की तो आधी लॉगिन मागायचा, आणि टॉवर सकाळपासून बंद. काउंटरवर आम्ही दोघं ते गोल फिरणारं चक्र बघत बसलो. लाइनही गेलेली. बॅटरी चाळीसवरून अकरावर आली, तेव्हा त्यानं काही न बोलता झाकण मिटलं. त्याच्या शेजाऱ्याकडे तोच गेम क्रॅक केलेला होता आणि मजेत चालत होता.

'वर्गणी देणारा फसतो, पुन्हा येत नाही.' हे कधीकधी खरं आहे, पण त्यात कुलूप नसण्याचा दोष नाही. 'एलिट: डेंजरस'साठी २०१२ मध्ये पैसे गोळा करताना नेटशिवाय खेळता येईल असं सांगितलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, गेम यायला महिना उरला असताना, ते रद्द केलं. लोकांनी पैसे परत मागितले. शब्द मोडला की गिऱ्हाईक असं तुटतं.

तो पोरगा आता काहीही घेण्याआधी मला फोन करतो आणि एकच विचारतो, "भाऊ, नेट नसन तरी चालते का?"