उतरवलाच आहे तर

गाडी घेताना माणूस घासाघीस करतो ती मॅट, सीट कव्हर आणि मडफ्लॅपवर. २०१० साली आम्ही आठशे सीसीची लाल गाडी घेतली, रस्त्यावर येईपर्यंत तीन लाख. मडफ्लॅप फुकट पाडून घेतले म्हणून नवरा आठवडाभर खुशीत होता. पुढच्या पंधरा वर्षांत ती गाडी सहा हजार लिटर पेट्रोल प्यायली. महिन्याला पाचशे किलोमीटर, लिटरला पंधरा, करा हिशेब. (माहितीपत्रकात आकडा बराच मोठा होता, पण ते सिंहगड रोडवर संध्याकाळी सातला बसून लिहिलेलं नसावं.) लिटरला सरासरी ऐंशी रुपये धरले तरी ४ लाख ८० हजार झाले. गाडीपेक्षा पेट्रोल महाग, आणि पंपावर मडफ्लॅपसुद्धा मिळत नाहीत.

गाडीच्या खणात माझी शंभर पानी वही असते, तिच्यात सगळं लिहिलेलं आहे. घरात कुणी ती उघडत नाही. रक्तदाब वाढतो म्हणतात.

वहीतलं सगळ्यात रंगलेलं पान क्लचचं. मिस्त्रींनी गाडी चढावर घातली, कान दिला आणि डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले, "ताई, प्लेट गेली."

"मग बदला."

"बदलू की. पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला लागतो. उतरवलाच आहे तर प्रेशर प्लेटपण टाकून घ्या. आणि बेअरिंग."

"बेअरिंगला काय झालंय?"

"अजून काही नाही. पण उद्या झालं, तर परत गिअरबॉक्स उतरवायला लागंल."

या युक्तिवादाला उत्तर नाही, कारण तो खरा आहे. छोट्या गाडीचा पार्ट स्वस्त असतो, पण तो ज्याच्या मागे लपलेला असतो ते उतरवायची मजुरी काही छोट्या गाडीची म्हणून कमी होत नाही. वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, सगळ्यांचं तेच. मी नाना पेठेत जाऊन पार्ट स्वतः आणायला लागले. तिथे मालाच्या तीन जाती असतात: ओरिजिनल, ओईएम (म्हणजे गाडीच्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्याचा) आणि "चालतं हो ताई". तिसरी जात चालते, पण फार लांबपर्यंत नाही.

खर्च असा वर चढत असताना किंमत मात्र खाली उतरत असते. विम्याच्या कागदावर आयडीव्ही नावाचा रकाना असतो, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, तो गाडीचा दरवर्षीचा अपमान. पहिल्या सहा महिन्यांतच ५ टक्के जातात, वर्ष होईतो १५, पाच वर्षं होता होता निम्मी किंमत साफ. तिथे विम्याचा घसाऱ्याचा तक्ताही संपतो. पुढची किंमत कंपनीने आणि मालकाने आपसांत ठरवायची. कंपनीचा फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पंचवीस हजार लावू?" भाजीवाल्याशीही मी इतकी अजिजी केली नव्हती. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठीच्या विम्याचा, हप्ता मात्र गाडीचं वय बघत नाही. हजार सीसीच्या आत असली की २,०९४ रुपये, वर जीएसटी.

मग पंधरा वर्षं भरली. पुनर्नोंदणीची फी २०२२च्या मार्चपर्यंत ६०० रुपये होती, आता ५,००० आहे, आणि तीही पाच वर्षांपुरती. शिवाय पर्यावरण कर. शिवाय सुरक्षा नंबरप्लेटचे ७४५ अधिक जीएसटी. तपासणीच्या आदल्या दिवशी गाडीला पॉलिश केलं, दोन ठिकाणी टचअप केला, वायपरची रबरं बदलली. साहेबांनी हॉर्न वाजवून बघितला, इंडिकेटर बघितले. मग एकाने बॉनेटखाली वाकून चेसिस नंबरवर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. एकेक आकडा कागदावर उमटेपर्यंत माझा श्वास अडकलेला. दहावीच्या निकालाला मी इतकी घाबरले नव्हते.

पास झाली. खंबाटकीच्या घाटात एसी बंद करायला लागतो, पण तो घाट काही आरटीओत नसतो.

भाचा जेवायला आला तेव्हा हा विषय निघालाच. "मावशी, विकून टाक ना. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. नवी घे." मी वही उघडली. नवी गाडी पाच लाखांची धरली, तर विम्याच्याच तक्त्याने पहिल्या वर्षात ७५ हजार जाणार, गाडी पार्किंगमधून हललीसुद्धा नाही तरी. ७५ हजारांत मिस्त्री माझा गिअरबॉक्स किती वेळा उतरवून देतील! माझ्या गाडीची पडायची तेवढी किंमत पडून झाली. आता ती पडून पडून किती पडणार?

त्याने ऐकलं नाही. एका ॲपवर नंबर टाकला. ३८ हजार.

"यात टायर धरलेत?" मी विचारलं. "चारही नवे आहेत. बॅटरी दिवाळीतली."

"त्याने काही फरक पडत नाही गं."

म्हणजे टायर आणि बॅटरीचे सोळा हजार वजा केले, तर बाकीची अख्खी गाडी बावीस हजारांची. इंजिन, चार दारं आणि नवीकोरी बेअरिंग धरून.

भाच्याच्या ताटाशेजारी त्याचा फोन ठेवला होता, गेल्या वर्षी ऐंशी हजारांना घेतलेला. मी म्हटलं, "आता तसाच त्याचाही नंबर टाक बघू." त्याने फोन उचलला, खिशात घातला आणि आमटी वाढ म्हणाला.