स्वप्न मोठंच ठेवा, तारीख मात्र तपासून घ्या

ध्येय कसं ठरवावं यावरच्या एका लेखात 'झेपेल तेवढंच ध्येय ठेवा' असा सल्ला वाचला, तो अर्धाच पटला. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनानुसार 'जमेल तेवढं करा' यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं की काम सरस होतं. अट एवढीच, की त्या कामाचं कौशल्य अंगी हवं. ते नसेल तर आकड्याच्या मागे लागण्याआधी शिकण्याचं ध्येय ठेवावं.

मॅरेथॉनचंच बघा, ४२.१९५ किलोमीटर. नवखा माणूस 'चार तासांत संपवणार' असं ठरवतो आणि सरावात रोज जीव तोडून पळतो. दमसास लवकर वाढतो, पण हाडं आणि कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे पट्टे) बळकट व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. मग नडगी ठणकायला लागते आणि सरावच बंद पडतो! (दोष मात्र स्वप्नाला.) त्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार दिवस, सहज बोलता येईल अशा वेगाने पळावं. लांब पल्ल्याची धाव दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरने वाढवावी, दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावी. तीसेक किलोमीटरपर्यंत गेलं की पुरे, सरावात पूर्ण अंतर पळायची गरज नसते.

गणित खरं चुकतं ते मुदतीत. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्येच हे दाखवलं होतं. 'मला किती दिवस लागतील?' याचं उत्तर बहुधा कमीच येतं. 'माझ्यासारख्या इतरांना किती लागले?' हे विचारून तारीख ठरवा.