तेल गळतं तिथे फुटलेलं नसतं

गणपतीच्या आठवडाभर आधीपासून एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांच्या गाड्या तेव्हा कुडाळला माझ्याच गॅरेजच्या शेडमध्ये उभ्या होत्या, त्यामुळे टोमणा पोचला. मजकूर थोडक्यात असा: ‘स्पोर्ट्स कारचं इंजिन तेल गळतंच, ती तिची जात आहे, घाबरू नका. कोकणात थंडी नाही, बिनधास्त जाड तेल घाला. लीक-स्टॉपची बाटली ओता. टॅपेट कव्हरचे बोल्ट करकचून आवळा, वरून सिलिकॉन फासा. गिअरबॉक्स उतरवायला सांगणारा मेकॅनिक तुम्हाला लुटतोय.’

शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते शेवटी घेतो.

‘ती तिची जात आहे.’ हे वाक्य जुन्या गाड्यांवरून आलंय. जुन्या जॅग्वारच्या सहा सिलिंडर इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला तेल अडवणारं आजच्यासारखं सील नसे. खोबणीत दोरी ठोकून बसवत. ती पाझरायचीच. पोर्शेच्या हवेने थंड होणाऱ्या नाइन-इलेव्हन १९९८ पर्यंत निघाल्या, त्याही वय झालं की पोटाखाली ओल्या दिसतात. आमचे वस्ताद म्हणायचे, ‘गळता म्हणजे आत तेल आसा, गप रव.’ विनोद म्हणून फक्कड आहे. पण सणाला गावी येणारे चाकरमानी दोरीच्या सीलच्या गाड्या आणत नाहीत. ते सेकंडहँड घेतलेली बीएमडब्ल्यूची झेड-फोर आणतात, एखादी पोर्शेची बॉक्स्टर आणतात. या इंजिनांची सीलं आणि पॅकिंग कोरडी राहण्यासाठीच बनवलेली असतात. ओली झाली तर काहीतरी संपलंय.

इथे एक गल्लत नेहमी होते. तेल जळणं वेगळं, गळणं वेगळं. किती तेल जळलं तर चालेल याचा आकडा कंपन्या पुस्तिकेत देतात. किती गळलं तर चालेल, हा आकडा मी आजवर एकाही पुस्तिकेत पाहिलेला नाही. बॉक्स्टरचे सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे गाडी चार दिवस उभी राहून सुरू केली की कधी कधी निळा धूर येतो, कारण थोडं तेल सिलिंडरमध्ये साचून राहिलेलं असतं. तो धूर खुशाल सोडून द्या. अंगणात शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेला काळा ठिपका सोडू नका.

आणि ‘घाबरू नका’ म्हणताना कोणतं तेल कुठे पडतंय ते तरी बघा. बीएमडब्ल्यूच्या एन-५४ इंजिनात (झेड-फोर ३५आय मध्ये तेच आहे) ऑइल फिल्टर ज्या घरावर बसतो, त्याखालचं पॅकिंग कडक होऊन पाझरायला लागतं. दोनतीनशे रुपयांची वाटावी अशी ती रबराची वळकटी. पण तिचं तेल खाली नेमकं इंजिनाच्या पुढच्या फिरत्या पट्ट्यावर पडतं. पट्टा फुगतो, कडेने सुटतो, त्याचे धागे क्रँकच्या पुलीमागे गुंडाळले जातात आणि पुढच्या सीलमधून थेट इंजिनात ओढले जातात. मग पॅकिंगचं काम राहत नाही, चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खोलून धागे वेचायचं काम होतं. दुसरं, तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर आधी नुसता वास येतो. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, सव्वादोनशे अंशांच्या आसपास असतो आणि घाट चढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर जातो. तिसरं म्हणजे पातळी. एन-५४ला डिपस्टिकच नाही, पातळी पडद्यावर बघावी लागते, आणि ती बघण्याची सवय नसलेला माणूस लिटरभर कमी तेलावर सावंतवाडीहून आंबोली चढतो. साडेसहा लिटरमधलं एक लिटर गेलं, त्यात लागोपाठ वळणं जोरात मारली की तेल चेंबरच्या एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. बेअरिंग खलास व्हायला तेवढं पुरतं.

‘कोकणात थंडी नाही, जाड तेल घाला.’ हा सल्ला ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो, म्हणून जरा बसून बोलू. थंडी नाही हे खरं. पण इंजिनाच्या दृष्टीने आपली २५ अंशांची सकाळही थंडच, कारण तेलाचं काम शंभर अंशांच्या आसपास चालतं. ५डब्ल्यू-३० या पातळ तेलाची चिकटी १०० अंशांना दहा-अकरा सेंटिस्टोक असते आणि ४० अंशांना साठ-सत्तर. जाड २०डब्ल्यू-५०ची ४० अंशांनाच दीडशेच्या पुढे. म्हणजे मालवणच्या भर दुपारी इंजिन सुरू केलंत तरी तेल आधीच सहापट घट्ट, आणि तुम्ही ते पंधरापट करून दिलंत. ही इंजिनं कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, कोन तेलाच्याच दाबाने पुढेमागे करतात. तिथल्या बारीक वाटांतून ते घट्ट तेल वेळेवर पोचत नाही, मग दिवा लागतो आणि माणूस म्हणतो सेन्सर गेला.

बरं, एवढं करून गळती थांबते का? टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. त्याच्या पॅकिंगवर पंपाचा दाब येतच नाही. तिथे नुसते शिंतोडे उडतात आणि खाली ओघळतात. पॅकिंग दगडासारखं झालं असेल तर शिंतोडा पातळ आहे की जाड, याने फार तर ठिपका सकाळऐवजी दुपारी पडेल. इंजिन तापलं की जाड तेलही पातळच होतं.

याचा अर्थ जाड तेल वाईट असाही नाही. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम-३ला, ई-४६ म्हणतात तिला, कंपनीच १०डब्ल्यू-६० घालायला सांगते. तिची बेअरिंग आणि तिची आवर्तनं त्याच तेलाच्या हिशेबाने आखलेली आहेत. तेलाचा ग्रेड इंजिनाकडे बघून ठरतो, अंगणातल्या डागाकडे बघून नाही.

बाटलीबद्दल थोडक्यात. लीक-स्टॉपमध्ये बहुतेक वेळा रबर फुगवणारं द्रव्य असतं. वयाने कडक झालेलं नायट्राइल रबराचं ऑइल सील असेल तर ते थोडं मऊ होतं, ओठ पुन्हा शाफ्टला टेकतो आणि काही महिने निभतात. विकायची गाडी असेल तर विकेपर्यंत. (विकणाऱ्यांनीच या बाटल्या लोकप्रिय केल्या असा माझा संशय आहे.) टेफ्लॉनच्या सीलवर तिचा उपयोग नाही, ते फुगत नाही. शाफ्टवर चर पडला असेल, कव्हरला तडा असेल, पॅकिंग तुटलं असेल, तिथेही नाही. आणि जी सीलं धड होती तीही त्या तेलात फुगत बसतात.

आता ‘करकचून आवळा’. हा सल्ला ट्रॅक्टरच्या काळातला आहे. टॅपेट कव्हरचे बोल्ट दहा न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात, म्हणजे दोन बोटांत पाना धरून. एन-५४चं कव्हर प्लास्टिकचं आहे, करकचलं की बोल्टच्या भोकापाशी केसासारखा तडा जातो आणि पॅकिंगच्या गळतीत कव्हरची गळती जमा होते. काही झेड-फोरमध्ये एन-५२ इंजिन येतं, त्याचा ब्लॉक बाहेरून मॅग्नेशियमचा. म्हणून त्याचे बोल्ट कंपनी ॲल्युमिनियमचे देते आणि ते एकदाच वापरायचे असतात. आमच्याकडे एक गाडी आली होती, आधीच्या गॅरेजने तुटलेल्या बोल्टच्या जागी साधे लोखंडी घातले होते. मालक किनाऱ्यावरचा, गाडी रोज खाऱ्या वाऱ्यात उभी. मॅग्नेशियमला लोखंड चिकटलं आणि वर मिठाचं पाणी मिळालं की मॅग्नेशियम खायला सुरुवात होते. बोल्टभोवती पांढरी भुकटी जमली होती, नखाने उकरली तर पुठ्ठ्यासारखी निघाली. तिथे पुन्हा आटे पाडायला जागाच उरली नव्हती.

सिलिकॉन मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही. कंपन्या स्वतः वापरतात. बॉक्स्टरच्या चेंबरला कागदी पॅकिंग नसतं, सीलंटची बारीक रेघच असते. पण ती रेघ कोरड्या, तेलाचा अंश नसलेल्या धातूवर, दोन पृष्ठभागांच्या मधे. वरून ओल्या तेलावर फासलेलं सिलिकॉन म्हणजे निसरड्या पायरीवर चिकटवलेला कागद. जास्त घातलं की उरलेलं आतल्या बाजूला फुगतं, तुटतं आणि चेंबरमध्ये पडतं. गेल्या वर्षी एका चेंबरमधून पंपाची जाळी काढली. निम्मी भोकं काळ्या रबरी शेवयांनी बुजली होती. एक शेवई चिमट्याने ओढली तर बोटभर लांब निघाली, आणि तिच्यावर पॅकिंगच्या कडेचा ठसा अगदी स्वच्छ उमटलेला.

नवं पॅकिंग नीट बसवूनही महिन्याभरात पुन्हा ओलं झालं तर पॅकिंगला शिव्या घालू नका, ब्रीदर बघा. पिस्टनच्या कडेने खाली उतरलेला वायू बाहेर जायला वाट लागते. ती तेलाच्या चिखलाने बंद झाली की वायू जिथे कमजोर जागा असेल तिथून तेल ढकलतो. इंजिन मंद चालू ठेवून तेलाचं झाकण सैल करा. किंचित आत ओढलं जात असेल तर ठीक. हाताला बाहेरचा वारा लागला तर वाट बंद. झाकण आतून घट्ट ओढलेलं असेल आणि कुकरसारखी शिटी वाजत असेल तर ब्रीदरमधला रबरी पडदा बहुधा फाटलाय. या तपासणीला एक पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा ती फॉरवर्डमध्ये नाही.

उरलं ‘गिअरबॉक्स उतरवायला सांगणारा लुटतोय’. क्रँकचं मागचं सील खरोखर गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. बॉक्स्टर आणि ९९६ पिढीच्या नाइन-इलेव्हन याच सीलसाठी बदनाम आहेत. त्यांच्यात शेजारीच मधल्या शाफ्टचं झाकण आहे, तेही पाझरतं आणि दोन्हींचं तेल एकाच जागेवरून टपकतं. गिअरबॉक्स काढल्यावरच कळतं कोण गळतंय. तेल क्लच प्लेटपर्यंत गेलं असेल तर तीही बदलावी लागते. हे बिल मोठंच होतं, त्यात लूट नाही.

लूट कधी? मूळ न शोधता गिअरबॉक्स काढला तर. ज्याचं घर कौलारू आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पाणी देव्हाऱ्यावर टपकतं म्हणून कोणी देव्हाऱ्यावरचं कौल बदलत नाही. फुटलेलं कौल असतं वर आढ्याजवळ. पाणी वाशावरून, रिपेवरून सरकत येतं आणि जिथे गाठ लागते तिथे टपकतं. इंजिनावर तर गाडी धावताना वाराही असतो, तो तेल मागे मागे नेतो. शिवाय खालचं कव्हर. महामार्गाच्या वळणरस्त्यांवर आणि गावागावांतल्या उंच गतिरोधकांवर या ठेंगण्या गाड्यांची कव्हरं घासून चिरलेली असतात. तेल कव्हरमध्ये साचतं आणि चिरेतून बाहेर येतं. जमिनीवरचा ठिपका बघून निदान करणाऱ्याला चिरेचा पत्ता मिळतो, गळतीचा नाही.

म्हणून कव्हर काढायचं, इंजिन धुऊन कोरडं करायचं, तेलात चमकणारा रंग घालायचा, पन्नासेक किलोमीटर फिरवून आणायची आणि काळोखात जांभळ्या उजेडाची बॅटरी मारायची. सगळ्यात वरची चमकणारी जागा ते मूळ. खालचे सगळे ओघळ त्याचेच. दिवस जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं, पण ही पायरी केल्याशिवाय पाना उचलणाऱ्याला खुशाल लुटारू म्हणा.

मीही म्हणवून घेतलंय. काही वर्षांपूर्वी एक झेड-फोर आली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब. ऐन गणपतीचे दिवस, शेड भरलेली, मालकाला विसर्जनानंतर मुंबई गाठायची. मी बघताक्षणी सांगितलं, मागचं सील. धुतलं नाही, रंग घातला नाही. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, वर चढवला. आठ दिवसांनी मालकाने फोटो पाठवला, त्याच जागी तोच थेंब. गाडी परत आली तेव्हा रंग घालून बॅटरी मारली. टॅपेट कव्हरचा मागचा काठ, वायपरच्या खाली जिथे मान घालता येत नाही तिथे, हिरवा लखलखत होता. तिथून एक सरळ रेघ हेडच्या पाठीवरून जोडापर्यंत.

कव्हर आणि पॅकिंगचे पैसे घेतले, गिअरबॉक्सची मजुरी परत केली. नवं सील त्या गाडीतच राहिलं, ते काढून घ्यायला पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागला असता.